डिप्रेशनच्या गोळीचं गोत्र

एकाच आजारावरच्या दोन गोळ्या. फ्लुओक्सेटिन लिहून देताना डॉक्टर सांगतात, 'सकाळी नाश्त्यानंतर घ्या.' मिर्टाझापिन लिहून देताना सांगतात, 'रात्री झोपायच्या आधी.' निदान दोन्हीकडे एकच, नैराश्य. गोळी सुरू झाल्यावर येणाऱ्या तक्रारी मात्र नाना तऱ्हेच्या. कुणाची झोपच उडते. कुणाला सकाळी उशिरापर्यंत डोळे उघडवत नाहीत. कुणाला इतकी ठसठशीत स्वप्नं पडतात की जागं झाल्यावरही घडलेलं कोणतं आणि स्वप्नातलं कोणतं याचा घोळ निस्तरत नाही. कुणी झोपेत दात खायला लागतं, कुणाचे पाय अंथरुणात स्वस्थ पडत नाहीत. आणि क्वचित तक्रार घेऊन येते ती रुग्णाची बायको : "हे हल्ली झोपेत हात चालवतात. परवा मला लागलं."

या सगळ्याला आपण 'साइड इफेक्ट' म्हणतो आणि पुढे जातो. मला ते अपुरं वाटतं. या औषधांची वंशावळ मागे मागे लावत गेलं की जवळजवळ प्रत्येक घराण्याच्या मुळाशी झोप भेटते. काही घराणी झोप आणणाऱ्या औषधांच्या पोटी जन्मली, काहींचा शोध झोपेच्या गोळीच्या मागावर असताना लागला. ज्या एका घराण्याचा झोपेशी जन्मतः संबंध नव्हता, त्यानेही पहिल्याच वॉर्डात लोकांना टक्क जागं ठेवलं. झोपेवरचा परिणाम या औषधांना नंतर चिकटलेला नाही, तो त्यांच्या रक्तातच आहे.

सुरुवात शिंका आणि पित्ताच्या गांध्यांपासून करावी लागते. 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन दाखवून दिलं. पुढच्या दहा वर्षांत अशा औषधांची रांग लागली आणि सगळ्यांत एक खोड सारखी निघाली. ती घेतली की माणूस पेंगायचा. कारण नंतर कळलं. हिस्टामिन नाक आणि कातडीपुरतं नसतं. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका ते सोडत राहतो आणि आपल्याला जागं ठेवतो. ते अडलं की पापण्या जड होतात. फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीतले रसायनज्ञ पॉल शारपाँतिए यांनी बनवलेलं प्रोमेथाझिन, म्हणजे आपल्याकडे 'फेनर्गन' म्हणून ओळखलं जाणारं औषध, याच रांगेतलं. त्याच्याच सांगाड्यावर काम करताना शारपाँतिए यांच्या हातून डिसेंबर 1950 मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि मानसोपचाराचं रूपच पालटलं.

या यशाकडे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची गायगी कंपनी टक लावून बघत होती. तिच्याकडे इमिनोडायबेन्झिल नावाचं एक जुनं रसायन पडून होतं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेलं. त्यापासून कंपनीने अँटिहिस्टामिनच्या धर्तीवर काही संयुगं बनवून घेतली होती. त्यांतलं एक 1950 च्या सुमारास कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी, म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातल्या डॉ. रोलँड कून यांच्याकडे तपासणीसाठी गेलं. प्रश्न साधा होता : याने झोप लागते का? फारशी लागली नाही. ते संयुग बाजूला पडलं. पुढे क्लोरप्रोमाझिनचा गाजावाजा झाल्यावर कून यांनीच कंपनीला पुन्हा लिहिलं आणि त्याच कुळातलं दुसरं एक संयुग, 'जी 22355', त्यांच्याकडे आलं. क्लोरप्रोमाझिनच्या सांगाड्यातला गंधकाचा अणू काढून तिथे कार्बनच्या दोन अणूंचा पूल टाकावा, असा त्याचा आकार.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर ते चाललं नाही, काही उलट जास्तच अस्वस्थ झाले. मग 18 जानेवारी 1956 ला कून यांनी ते खोल नैराश्यात बुडालेल्या एका बाईंना सुरू केलं. आठवड्याच्या आत बदल दिसला. नंतरच्या रुग्णांबद्दल लिहिताना त्यांनी मनाच्या सुधारणेइतकंच रात्रीकडे लक्ष दिलं आहे. झोप लागायला लागली, छळणारी स्वप्नं थांबली, सकाळी माणसं आपणहून उठायला लागली. सप्टेंबर 1957 मध्ये झ्युरिकच्या जागतिक मानसोपचार परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते असं सांगतात. औषधाचं नाव ठरलं इमिप्रामिन. ट्रायसायक्लिक घराण्याची ही पहिली गोळी. कंपनी ज्या रांगेत झोपेची गोळी शोधत होती, त्याच रांगेत ती सापडली.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. म्युन्स्टरलिंगेनच्या वॉर्डांत पुढची कित्येक वर्षं अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर चालल्या. तिथल्या कागदपत्रांवर आधारलेला इतिहासकारांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ज्यांच्यावर गोळ्या आजमावल्या त्यांना नीट विचारलं जात नव्हतं हे त्यातून पुढे आलं. कून यांची निरीक्षणशक्ती खरी होती आणि त्या रुग्णांवर झालेला अन्यायही खरा होता. आज कुणी या गोळीने शांत झोपत असेल, तर त्या झोपेची किंमत आधी कुणी मोजली हे विसरून चालणार नाही.

दुसरं घराणं क्षयाच्या वॉर्डातलं. युद्ध संपल्यावर जर्मनीच्या रॉकेट-इंधनातलं हायड्राझिन स्वस्तात उपलब्ध झालं आणि औषध कंपन्यांनी त्यापासून नवी संयुगं करून पाहिली. हॉफमान-ला रोशच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्यांतून दोन औषधं निघाली, आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड. पहिलं आजही आपल्याकडच्या क्षयरुग्णाच्या रोजच्या गोळ्यांत असतं. दुसऱ्याची गोष्ट वेगळी झाली. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात 1952 च्या सुमारास ते रुग्णांना दिलं गेलं आणि महिनोन् महिने खाटेला खिळलेली माणसं उठून वॉर्डात हिंडू लागली, दोन घास जास्त मागू लागली, नाचली. त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. झोप मात्र अनेकांची उडाली. फुप्फुसाचे डॉक्टर याला उपद्रव समजत होते. त्याच वर्षी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अर्न्स्ट झेलर यांनी दाखवलं की इप्रोनियाझिड एका विकराला अडवतं. सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनॅलिन अशा मेंदूतल्या दूत-रसायनांचा निचरा करण्याचं काम या विकराकडे असतं. निचरा थांबला की दूत साठतात.

या घराण्याची मुंबईशी गाठ पडते, ती सर्पगंधेमुळे. बिहारमध्ये ही मुळी 'पागल की दवा' म्हणूनच ओळखली जायची. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं. तिने झोप येते, रक्तदाब उतरतो आणि वेडाचा आवेग कमी होतो असं त्यांचं निरीक्षण होतं. परदेशी डॉक्टरांच्या कानावर ती खऱ्या अर्थाने घातली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगभरातून विचारणा सुरू झाल्या. 1952 मध्ये बाझेलच्याच सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. 1957 चा लॅस्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. आपल्याकडे वैद्यकाच्या इतिहासात वकीलांचं नाव हृदयरोगाच्या पानावर येतं. मला ते नैराश्याच्या पानावरही यायला हवं असं वाटतं.

कारण रिसर्पिनने उलटी बाजू दाखवली. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण उदास होत गेले, काहींना दुःस्वप्नांनी घेरलं. ससे ते टोचल्यावर मलूल होऊन पडून राहायचे. बर्नार्ड ब्रोडी यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत 1955 मध्ये दिसलं की रिसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठाच रिकामा करतं. स्वीडनच्या आर्विद कार्ल्सन यांनी 1957 मध्ये अशाच मलूल सशांना एल-डोपा देऊन काही मिनिटांत उठवून बसवलं. आधी इप्रोनियाझिड देऊन मग रिसर्पिन टोचलं तर जनावर पेंगण्याऐवजी तरतरीत व्हायचं. क्लाइन यांनी हे धागे जोडले आणि 1957 मध्ये इप्रोनियाझिड नैराश्याच्या रुग्णांना दिलं. ते लागू पडलं. यकृताला इजा होते म्हणून काही वर्षांतच ते मागे घ्यावं लागलं, पण त्याची भावंडं, उदाहरणार्थ फेनेल्झिन, अजून वापरात आहेत.

योगायोग असा की झोप म्हणजे काय याचं उत्तरही याच वर्षांत बदलत होतं. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत पापण्यांआड डोळे सरसर हलण्याचे टप्पे नोंदवले. ही रेम झोप, जिच्यात आपली बहुतेक रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात. फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जूव्हे यांना 1959 मध्ये आढळलं की या टप्प्यात मेंदू जागेपणासारखा कामात असतो, पण मानेपासून खाली स्नायू अगदी ढिले पडतात. त्यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला, हे ढिलेपण आणणारा भाग निकामी केला. मांजरं गाढ झोपेत उठून दबा धरायची, न दिसणाऱ्या भक्ष्यावर झेप घ्यायची. स्वप्न पडताना आपण अंथरुणात पडून राहतो, कारण रोज रात्री शरीर आपल्याला बांधून ठेवतं. ही दोरी कुठे बांधलेली असते ते जूव्हे यांनी दाखवलं.

मग नव्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोक्याला तारा लावून रात्री मोजायला सुरुवात झाली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रेम झोप घटते. इमिप्रामिनने घटली, अॅमिट्रिप्टिलिनने घटली, फेनेल्झिनने तर जवळजवळ पुसली गेली. 1971 मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड वायट आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांना फेनेल्झिनवर काही आठवडे रेम झोप आलीच नाही. त्यांचं मन बिघडण्याऐवजी सुधारलं. दशकभर आधी विल्यम डिमेंट यांच्या प्रयोगांवरून लोकांना वाटत होतं की स्वप्नं तोडली तर माणूस वेडा होईल. ते खरं निघालं नाही.

असं का होतं याचं उत्तर बॉस्टनच्या अॅलन हॉबसन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी 1975 मध्ये मांडलेल्या आराखड्यातून मिळू लागलं. मेंदूच्या देठात पेशींचे दोन गट एकमेकांना दाबून ठेवतात. अॅसिटिलकोलिनवर चालणारे गट रेम झोप सुरू करतात. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिनवाले तिला रोखतात आणि ते गप्प झाले तरच रेम येते. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्या नेमकी हीच दोन रसायनं वाढवतात, म्हणजे ज्यांनी गप्प बसायचं त्यांचा आवाज रात्रभर चालू राहतो. आराखड्याच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण हा गाभा टिकला.

डॉक्टरांनी या गुणाचा उपयोगही करून घेतला. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला हसता हसता गुडघ्यातून बळ जातं आणि तो खाली बसतो. रेमचं ते ढिलेपण भरदिवसा घुसल्यामुळे हे होतं. 1960 मध्ये जपानी डॉक्टरांनी यावर इमिप्रामिन वापरून दाखवलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून नोंद आली की रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांनाही इमिप्रामिनने फरक पडतो. मनाशी काही संबंध नसलेल्या या दोन तक्रारींवर ही गोळी पुढे दशकानुदशकं दिली गेली.

आणि मग एक मोहक कल्पना आली. नैराश्यात रेम झोप लवकर येते हे ठाऊक झालं होतं. निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने पहिली रेम येते, नैराश्याच्या अनेक रुग्णांना तासाभराच्या आतच. पिट्सबर्गच्या डेव्हिड कुप्फर यांनी 1976 मध्ये हे आजाराचं जैविक चिन्ह मानावं असं सुचवलं. मग गोळी रेम दाबते म्हणूनच मन सुधारत असेल का? अटलांटाचे जेराल्ड वोगल यांनी औषध न देताच हे तपासलं. रुग्णाला रेम सुरू होताच उठवायचं, रात्रीमागून रात्री. 1975 मध्ये त्यांनी लिहिलं की काही रुग्ण खरोखरच सुधारले. जर्मनीत बर्कहार्ड फ्लुग आणि रायनर ट्योले यांनी 1971 मध्ये त्याही पुढची गोष्ट नोंदवली होती. अख्खी रात्र जागवलं तर कित्येक नैराश्यग्रस्तांचं मन सकाळी आश्चर्यकारक हलकं होतं, आणि पुढच्या झोपेनंतर बहुतेकांचं पुन्हा जड होतं. हा निष्कर्ष मला आजही चकित करतो. ज्या आजारात माणूस झोपेसाठी तळमळतो, त्यात जागरणाने उतार पडावा!

वोगल यांची कल्पना मात्र पूर्ण टिकली नाही. ट्रिमिप्रामिन, ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन ही औषधं नैराश्यावर चालतात आणि रेम झोपेला फारसा धक्का लावत नाहीत. रेम दाबणं हा अनेक गोळ्यांचा गुण ठरला, उपचाराची अट ठरला नाही.

आता सर्वांत प्रसिद्ध घराणं. तेही झोपाळू औषधांच्याच पोटचं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आर्विद कार्ल्सन यांना आढळलं की काही अँटिहिस्टामिन औषधं सेरोटोनिनचं पुनर्शोषणही, म्हणजे ते पेशींत परत ओढलं जाणंही, रोखतात. ब्रोमफेनिरामिनपासून निघून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झिमेलिडिन घडवलं. 1982 मध्ये ते युरोपात बाजारात आलं आणि नसांच्या गंभीर आजारामुळे वर्षभरातच मागे घ्यावं लागलं. तिकडे इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीत ब्रायन मॉलॉय यांनी डायफेनहायड्रामिनच्या रचनेपासून सुरुवात केली. खोकल्याच्या ज्या बेनाड्रिलने आपल्याकडच्या कितीतरी मुलांना झोपवलं, त्यातलाच हा पदार्थ. मॉलॉय, रे फुलर आणि डेव्हिड वाँग यांच्या त्या कामातून 1972 मध्ये फ्लुओक्सेटिन हाती आलं. अमेरिकेत त्याला डिसेंबर 1987 मध्ये परवानगी मिळाली आणि 'प्रोझॅक' हे नाव जगभर झालं. गंमत रसायनशास्त्राची आहे. पेंग आणणारा गुण या लेकरात जवळजवळ उरलाच नाही. हिस्टामिन मोकळं राहिलं, सेरोटोनिन तेवढं वाढलं. म्हणून फ्लुओक्सेटिनवाल्याची झोप हलकी होते, मधे मधे तुटते, आणि डॉक्टर सकाळची वेळ सांगतात.

या नव्या गोळ्या कोट्यवधी लोकांनी घेतल्या, तेव्हा रात्रीचं वागणं कसकसं बदलतं याच्या नोंदी साचत गेल्या. मिनियापोलिसमध्ये कार्लोस शेन्क आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये पाच रुग्णांचं वर्णन केलं. यांतली बहुतेक माणसं झोपेत स्वप्नातल्या शत्रूशी खरोखर मारामारी करत होती. जूव्हे यांच्या मांजरांत दिसलं होतं ते आता माणसांत दिसत होतं. दोरी सुटलेली होती. 1992 मध्ये त्याच गटाने फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांत दोन गोष्टी दाखवल्या. एरवी शांत असणाऱ्या झोपेतही त्यांचे डोळे फिरत राहतात, आणि एखाद्याला हाच स्वप्नातल्या हाणामारीचा विकार जडतो. निद्राप्रयोगशाळांत त्या फिरत्या डोळ्यांना 'प्रोझॅक आईज' असं नावच पडलं. क्लोमिप्रामिनवरच्या रुग्णांत रेमचं ढिलेपण नाहीसं होतं हे फ्रान्समध्ये 1970 च्या दशकातच दिसलं होतं. म्हणजे इशारा जुना होता, ऐकला उशिरा.

बाकीच्या तक्रारीही कागदावर आल्या. 1993 मध्ये सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे रात्री दात खाणारे चार रुग्ण नोंदले गेले. आज दातांचे डॉक्टर झिजलेल्या दाढा पाहून कोणती गोळी चालू आहे ते विचारतात. जर्मनीतल्या 2008 च्या एका पाहणीत नव्या औषधांवरच्या 271 रुग्णांपैकी 9 टक्क्यांना पायांची वळवळ सुरू झाली किंवा वाढली. मिर्टाझापिनवाल्यांत हे प्रमाण 28 टक्के होतं. स्वप्नांचं कोडंही थोडं सुटलं. हार्वर्डच्या 2001 च्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना पॅरोक्सेटिन किंवा फ्लुव्होक्सामिन दिलं. त्यांना स्वप्नं कमी वेळा आठवली, पण जी आठवली ती जास्त तीव्र होती, आणि गोळी थांबवल्यावर तर आणखी तीव्र झाली. दाबून ठेवलेली रेम सुटते तेव्हा उसळून येते. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून दोन दिवस गोळी चुकली तरी रात्री भयाण होऊ शकतात. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारा पदार्थ आठवड्यांनी ओसरतो, म्हणून त्याची उसळी सौम्य असते.

एकीकडे हे चाललं असताना काही गोळ्या आपल्या मूळ घराकडे परतल्या. अॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम रात्री दुखण्यासाठी आणि झोपेसाठी दिलं जातं. नैराश्यासाठी लागणारी मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. डॉक्सेपिन 1969 मध्ये अमेरिकेत नैराश्यावरचं औषध म्हणून आलं आणि 2010 मध्ये 3 आणि 6 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत निव्वळ निद्रानाशावर मंजूर झालं. एवढ्याशा मात्रेत ते फक्त हिस्टामिन अडवतं, म्हणजे 1937 च्या पॅरिसमध्ये सुरू झालेलंच काम करतं. इटलीत जन्मलेलं ट्राझोडोन आता नैराश्यापेक्षा झोपेसाठीच जास्त लिहिलं जातं, जरी अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने 2017 मध्ये निद्रानाशासाठी ते न देण्याकडेच कल दाखवला. मिर्टाझापिनचा प्रकार विचित्र वाटतो. कमी मात्रेत ते जास्त झोपवतं. हिस्टामिन अडवायला त्याला थोडंच पुरतं, आणि मात्रा वाढली की नॉरअॅड्रिनॅलिन वाढून ती झोप थोडी कापली जाते.

हा इतिहास वाचून कुणी गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. न उपचारलेलं नैराश्य झोपेची जी दैना करतं, तिच्यापुढे गोळीचे बहुतेक उपद्रव लहान असतात. पण रात्रीबद्दल डॉक्टरांशी बोलावं, मोघम नाही, नेमकं. झोप लागत नाही, की लागून तुटते? पहाटे तीनला जाग येते, ती गोळीच्या आधीही येत होती का? पाय शिवशिवतात, दात खाल्ले जातात, हात चालतात? घरातल्या ज्याने हे पाहिलं त्याला बरोबर न्यावं. कित्येकदा गोळीची वेळ रात्रीवरून सकाळी नेणं, मात्रा थोडी बदलणं, किंवा दुसऱ्या घराण्यातली गोळी देणं एवढ्याने काम होतं. हात चालवणाऱ्याच्या खाटेजवळची टोकदार वस्तू हलवणं हाही उपचाराचाच भाग आहे.

एक प्रश्न मात्र अजून उघडा आहे आणि तो गंभीर आहे. शेन्क यांच्या गटाने 1996 मध्ये लिहिलं की झोपेत हाणामारी करणाऱ्या आपल्या 29 वयस्क पुरुष रुग्णांपैकी 38 टक्क्यांना पुढे पार्किन्सनसारखा आजार झाला. म्हणजे सुटलेली दोरी ही मेंदूच्या देठातल्या ऱ्हासाची पहिली खूण असू शकते. मग जिथे ती गोळीने सुटली, तिथे? नुसता गोळीचा परिणाम, की आतून सुरू झालेला ऱ्हास गोळीने लवकर उघड केला? मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड पोस्टुमा यांनी 2013 मध्ये गोळी घेणारे आणि न घेणारे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण तपासले. गोळीवाल्यांचा पुढचा धोका कमी दिसला, पण ऱ्हासाच्या बारीक खुणा त्यांच्यातही होत्या. म्हणून आता जाणकार डॉक्टर अशा माणसाला विचारतात की वास पूर्वीसारखा येतो का, बद्धकोष्ठता कधीपासून आहे, चालणं मंदावलं आहे का, आणि हात चालवणं पहिल्या गोळीच्या आधीपासून होतं का. उत्तरं लिहून ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलावतात.